लग्नातला केक : कोणाच्या हातचा?

मळवली स्टेशन सोडले, भाजे गाव मागे पडले की लोहगडवाडीचा चढ सुरू होतो. गड पाहायला येणाऱ्या हौशी मंडळींना हा वळणावळणाचा रस्ता फार आवडतो. टेंपोत दोन थरांचा केक घेऊन निघालेल्या माणसाला तो मुळीच आवडत नाही, हे मला गेल्या मे महिन्यात कळले. निमित्त होते माझ्या भाचीच्या मंगल परिणयाचे.

मुलीकडचे आम्ही देहूरोडचे, नवरामुलगा लोहगडवाडीचा. परिणय सकाळी देहूरोडला, बौद्धाचार्यांच्या हस्ते, त्रिशरण-पंचशील घेऊन, शुभ्र वस्त्रांत आणि वेळेवर पार पडला. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. वाद झाला तो संध्याकाळच्या स्वागत समारंभावरून, आणि तोही दहा दिवस आधी. मी कारकून माणूस, शिवाय चळवळीत वावरणारा. त्यामुळे घरात हिशेबाचा आणि तत्त्वाचा असा दोन्ही प्रकारचा तंटा माझ्याकडेच येतो. हा तंटा दोन्ही प्रकारचा होता.

मुलाच्या मित्रांनी मोबाइलवर चित्रे दाखवली. पाच थरांचा केक, वर साखरेची फुले, बाजूने आतषबाजीची नळकांडी. मुलाचे आजोबा, सगळे त्यांना आबा म्हणतात, चष्मा वर करून म्हणाले, “केक कापायला आपण काय गोरे साहेब लागून गेलो? बुंदी करा, खीर करा. सुजाताने सिद्धार्थाला खीरच दिली होती.”

नातू म्हणाला, “आबा, दरसाल तेरा एप्रिलच्या रात्री बाराला चौकात पहिली सुरी कोणाच्या हातात देतात?”

आबा गप्प झाले. बैठकीत हशा पिकला. खरे आहे ते. भीमजयंतीच्या मध्यरात्री केक कापण्याची पद्धत आज गावोगावच्या आपल्या वस्त्यांत रुजली आहे. तेव्हा केक हा परका पदार्थ, हा मुद्दा तिथेच निकालात निघाला. केक म्हणजे ख्रिस्ती लोकांचा नाताळ असे म्हणणाऱ्यांनाही एक सांगावेसे वाटते. २५ डिसेंबर ही तारीख आपलीही आहे. १८७३ साली याच दिवशी सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह भटजीविना लागला, १९२७ साली याच दिवशी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले आणि १९५४ साली याच दिवशी बाबासाहेबांनी आमच्या देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. तारखा कोणाच्या एकट्याच्या मालकीच्या नसतात, तसे पदार्थही नसतात.

पण वाद इथे संपला नाही. धाकट्या भाचीने आय.टी.आय.मध्ये बेकरीचा कोर्स केला आहे. ती म्हणाली, “मामा, ताईचा केक मी करणार. बाहेरून कशाला आणायचा?” सगळ्यांना वाटले, छान झाले, पैसेही वाचले. तेवढ्यात मुलाच्या आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, आतून बाहेर आल्या. हात पदराला पुसत हळूच म्हणाल्या, “नको गं बाई. बेकरीचाच आणू. दहा गावची माणसं येणार. खोक्यातला असला की सगळी खातात. घरचं म्हटलं की एखाद्याचा नेमका उपवास निघतो.”

बैठक एकदम शांत झाली. वाचक भगिनींनो, हा ‘उपवास’ आपल्यापैकी कित्येक घरांनी पाहिलेला आहे. विहीणबाईंनी तो त्यांच्या माहेरी पाहिला होता. आबांनी तर त्याच्या पुढचे पाहिले होते. त्यांच्या थोरल्या भावाच्या लग्नात गावातल्या इतर जातींच्या मंडळींना कोरडा शिधा द्यावा लागला होता. तांदूळ, डाळ, गूळ, पीठ. आपल्या चुलीवरचे शिजलेले त्यांना चालत नव्हते, कच्चे मात्र चालत होते. मानाच्या माणसांनी मांडवाबाहेर उभ्या-उभ्या नारळ घेतला आणि ते गेले. आबा तेव्हा दहा वर्षांचे होते. शिधा वाटायला तेच उभे होते.

आता शिधा कोणी मागत नाही. लोक येतात, आहेर देतात, फोटोला उभे राहतात. जेवणाच्या पंक्तीकडे मात्र काहींचे पाय वळत नाहीत. अशा वेळी दुकानाचे नाव छापलेले केकचे खोके फार उपयोगी पडते. खाणाऱ्याचीही सोय, खिलवणाऱ्याचीही सोय, आणि विषय कोणी काढायचा नाही.

मला याची गंमत वाटते, कारण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सगळे नेमके उलटे होते. तेव्हा भट्टीवरचा पदार्थ म्हणजेच बाट. पाव पोर्तुगीजांबरोबर आला, गोव्यात ख्रिस्ती पोदेरांनी भाजला, आंबवायला ताडी घातली. मुंबई-पुण्यात इराणी आणि गोवेकर बेकऱ्या निघाल्या. सनातनी घरात पाव-बिस्किट येणे हा गुन्हा होता. पुण्यातले पंचहौद मिशनचे प्रकरण तर प्रसिद्धच आहे. १८९० च्या ऑक्टोबरात मिशनमध्ये एक सभा झाली आणि सभेनंतर आलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. मंडळीत न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले होते. गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून टाकली आणि शहरात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ताची भाषा झाली. एका कप चहासाठी आणि बिस्किटासाठी! पुढे ३७ वर्षांनी महाडला आपल्या माणसांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले तेव्हा त्यांच्या डोक्यावर लाठ्या बसल्या. बिस्किट खाणाऱ्याला प्रायश्चित्त आणि पाणी पिणाऱ्याला लाठी, हा फरक ध्यानात घ्यावा.

त्याच पुण्यात आज नावाजलेल्या बेकरीपुढे बिस्किटांसाठी सकाळपासून रांग लागते. रांगेत सर्व जाती असतात. भट्टीवर कोण उभा आहे, हे कोणी विचारत नाही. म्हणजे माणूस बदलू शकतो. मग आपल्या धाकट्या भाचीच्या हातचा केक खोक्यात नसला तर तो का अडावा? मी बैठकीत एवढेच विचारले. विहीणबाई म्हणाल्या, “अडेल असं नाही म्हणत, मामा. पण लग्नाच्या दिवशी परीक्षा कशाला?”

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. लेकाच्या लग्नात कोणाचा अपमान नको, आपलाही नको, असे कोणत्याही आईला वाटणारच. त्या रात्री मला झोप आली नाही.

लग्नाचा केक आला कुठून, हेही जरा पाहू. जुन्या रोमन लोकांत वधूवर गव्हाच्या जातीच्या धान्याची भाकरी साक्षीदारांसमोर वाटून खात, मग लग्न लागले असे समजत. थोडक्यात, आपल्याकडे नवरानवरी एकमेकांना घास भरवतात आणि उखाणे घेतात, त्याचेच ते भावंड. इंग्लंडात पुढे त्याचा फळे घातलेला गोड केक झाला. राणी व्हिक्टोरियाचे लग्न १० फेब्रुवारी १८४० रोजी झाले, तेव्हाचा केक सुमारे ३०० पौंडांचा, म्हणजे १३६ किलोंचा होता. वरून पांढऱ्याशुभ्र साखरेचा थर. तो थर आजही ‘रॉयल आयसिंग’ म्हणजे राजेशाही थर या नावाने ओळखला जातो. पांढरा का? तर पांढरी, स्वच्छ केलेली साखर महाग होती. जितकी पांढरी तितकी श्रीमंती.

आणि ती साखर कोठली? युरोपात जाणारी साखर पिढ्यानपिढ्या वेस्ट इंडीज बेटांवरच्या मळ्यांतून येत असे. तिथे आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम ऊस तोडत. ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी कायद्याने १८३४ साली संपली, म्हणजे त्या राजेशाही लग्नाच्या अवघी सहा वर्षे आधी. मग मळ्यांवर मजूर हवे म्हणून हिंदुस्थानातून गिरमिटिये नेले. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना मुक्त केले त्यांना ती अर्पण केली. जोतीरावांना ही साखळी दिसत होती. पाच थरांच्या केकचे चित्र पाहून मला ती आठवली. केक खाऊ नये असा याचा अर्थ नाही. मी स्वतः गोडघाशी आहे. पण दिमाखासाठी उंची वाढवायची, तेही कर्ज काढून, हे आपले काम नव्हे. बाबासाहेबांचे स्वतःचे पहिले लग्न भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर, उघड्या शेडखाली लागले होते. दगडी ओटेच बाके झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसलो. ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हिशेब इथे देतो. केक माणशी ५० ग्रॅम धरावा. जेवण आहे, त्यामुळे याहून मोठा तुकडा ताटात टाकला जातो. एका किलोत २० तुकडे. आमचे पाहुणे २५०, म्हणजे साडेबारा किलो. एवढा सगळा केक सजवून थरावर थर उभा करायचा तर दाम दुप्पट, कारण बेकरीवाला सजावटीचे पैसे किलोमागे लावतो. त्यापेक्षा समोर मांडायला दोन किलोंचा, दोन थरांचा सजवलेला केक करावा आणि बाकीचा साधा, ट्रेमध्ये भाजलेला, मागे कापून ठेवावा. चव तीच. समोरचा केक फोटोपुरता कापून पाहुण्यांची पोरे नुसतीच बघत राहिली, असे मी दोन-तीन समारंभांत पाहिले आहे. त्याच्यासारखे वाईट दुसरे नाही.

साध्या केकचे गणित सोपे आहे. मैदा, साखर, लोणी आणि अंडी, चारही समान वजनाची. पाव किलो मैद्याला पाव किलो साखर, तेवढेच लोणी आणि पाच अंडी. टरफल सोडले तर एक अंडे सुमारे ५० ग्रॅम भरते. भाजताना किलोमागे शंभरेक ग्रॅम वजन उडते, हे हिशेबात धरावे. घरी थोडा करायचा तर जाड बुडाच्या पातेल्यात किंवा कुकरमध्ये मीठ अथवा वाळू तापवून, कुकरची रिंग व शिट्टी काढून, मंद आचेवर रव्याचा केक उत्तम होतो. तो तर तुमच्यापैकी पुष्कळ जणींना माझ्यापेक्षा चांगला येतो.

मे महिन्यात मलईचा केक मांडू नये. उन्हात लोणी वितळते, मलई आंबते. गडाखाली वारा असतो हे खरे, पण मांडवात दिवे लागले की उकाडा होतो. वनस्पती तेलाची फेटलेली क्रीम जरा जास्त वेळ तग धरते, चवीला मात्र ती मला मेणासारखी लागते. त्यापेक्षा मावा केक किंवा सुका फळांचा केक बरा. फळांच्या केकबद्दल एक सूचना. पुष्कळ ठिकाणी मनुका-बेदाणे रममध्ये भिजवलेले असतात. आपण पंचशील घेतले आहे, बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, तेव्हा ऑर्डर देताना स्पष्ट विचारावे. संत्र्याच्या रसात भिजवलेली फळे तितकीच छान लागतात. चढाच्या रस्त्याने न्यायचा असेल तर थर वेगवेगळ्या खोक्यांत न्यावेत आणि जागेवर एकावर एक ठेवावेत. आम्ही शहाणपणाने जोडूनच नेले आणि एका वळणावर वरचा थर खालच्या थरावरून दोन बोटे सरकला. धाकटीने चाकूने सारखा केला आणि फट होती तिथे मोगऱ्याचा गजरा ठेवला. कोणाच्या लक्षात आले नाही.

ती फेसाची फवारणी आणि आतषबाजीची नळकांडी मात्र सक्त बंद ठेवा. फवारणीतला वायू पेट घेतो, आणि शेजारी ज्योत असते. नवरीच्या तोंडाला केक फासणे हाही प्रकार बंद. अन्न आहे ते.

राहता राहिले अंडे. आबांच्या एका मित्राने विचारले, पंचशील घेतल्यावर अंडे चालते का? कोंबडीपालन केंद्रातले विक्रीचे अंडे फलित नसते, त्यातून पिल्लू होत नाही. तेव्हा प्राणिहत्येचा प्रश्न तिथे येत नाही, असे माझे मत. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी बिनअंड्याचा केक वेगळा ठेवावा आणि तसे लिहावे. विकतच्या केकवर अंडे असेल तर तपकिरी खूण असते, नसेल तर हिरवी. पाहुण्याच्या पथ्यासाठी हे केलेच पाहिजे. पण अलीकडे आपल्यातले काही जण ‘आमच्याकडे सगळं शुद्ध असतं हं’ असे स्वतःहून सांगत फिरतात. हा ‘शुद्ध’ शब्द कोणाच्या घरून आला, याचा त्यांनी विचार करावा.

असो. शेवटी ठरवायचे होते ते ठरले, आणि ठरवले कोणी, तर आबांनी. मी वहीतला हिशेब वाचून दाखवला. आबा म्हणाले, “पोरगीच करील केक. आणि कोणी केला ते माइकवर सांगायचं. लपवायचं नाही.” मग म्हणाले, “कार्ल्याच्या लेण्यात ज्यांनी दान दिलं त्यांची नावं खांबांवर कोरली आहेत. सुताराचं आहे, अत्तर विकणाऱ्याचंसुद्धा आहे. दोन हजार वर्षं झाली. आपण आपल्या पोरीचं नाव एका संध्याकाळी घ्यायला घाबरायचं का?” विहीणबाई काही बोलल्या नाहीत. आत जाऊन चहाचे आधण ठेवले.

धाकटीने कामशेतच्या ओळखीच्या बेकरीत आदल्या रात्री जागून काम केले. पाव काढून झाले की भट्टी हळूहळू निवत जाते आणि तीच आच केकला मानवते, असे तिने मला समजावून सांगितले. तीन ट्रे अंड्यांचे, अंडी ४५ लागली, एक ट्रे दही आणि आटीव दुधाचा, बिनअंड्याचा. शिवाय समोरचा दोन किलोंचा. मी रात्री दोनपर्यंत अंडी फोडायला मदत केली. त्यातली दोन टरफलासकट आत पडली आणि मला बाहेर काढण्यात आले.

संध्याकाळी सात वाजता लोहगड मागे काळा दिसत होता. मुलाने नवरीच्या हातावर हात ठेवला, तशी नवरी म्हणाली, “माझा वर राहू दे.” तिचा हात वर राहिला. सुरी फिरली. पहिला घास एकमेकांना, दुसरा बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावणाऱ्या आबांना. मी माइक घेतला आणि सांगितले की हा केक नवरीच्या धाकट्या बहिणीने केला आहे, साहित्यही घरचेच आहे, ट्रे क्रमांक चारमध्ये अंडे नाही. सर्वांनी घ्यावा आणि मग जेवायला बसावे.

त्यानंतरची पाच मिनिटे मी तुकडे मोजत होतो. सवय. पोरांनी पहिला ट्रे संपवला. मुलाच्या कंपनीतली मंडळी आली, पंचायतीतले आले, खालच्या गावांतल्या बायका आल्या. एका वयस्क गृहस्थांनी तुकडा घेतला, हातात धरला, बराच वेळ बोलत उभे राहिले, मग तो रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. नातवासाठी नेला असेल. नसेलही. एक बाई आहेर देऊन तशाच निघाल्या, गाडी चुकेल म्हणाल्या. दुसऱ्या एक बाई, मानाच्या घरातल्या, विहीणबाईंच्या शेजारी येऊन बसल्या, तुकडा खाल्ला, आणि दुसरा मागितला. विहीणबाईंनी तो स्वतः उठून आणून दिला. मी दुरून पाहिले. त्या दोघी पुढे बराच वेळ पोरांच्या शाळेविषयी बोलत होत्या.

शेवटी अकरा तुकडे उरले. टेंपोवाल्याला चार, मांडववाल्यांना सहा, एक मी खाल्ला.

दोन आठवड्यांनी धाकटीचा फोन आला. त्याच बाईंच्या सुनेने विचारले होते, मुलाच्या वाढदिवसाला दीड किलोचा करून देशील का म्हणून. धाकटी मला विचारत होती, “मामा, ओळखीत पैसे आधी मागू का?”

मी म्हटले, निम्मे आधी घे. आणि पावती दे.